आरोग्य केंद्रातली रिकामी खुर्ची

मनाच्या आजाराचा विषय निघाला की आपल्याकडे एक ठरलेले उत्तर मिळते. सभेत मिळते, वर्तमानपत्रात मिळते, लोकप्रतिनिधींच्या भाषणातही मिळते. 'देशात मानसोपचारतज्ज्ञच पुरेसे नाहीत, मग खेडोपाडी उपचार पोहोचणार कसे?' असे विचारून वक्ता खाली बसतो आणि श्रोते माना हलवीत घरी जातात. वक्त्याची माहिती खरी आहे. भारतात एक लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञदेखील नाही आणि जे आहेत ते बहुतांशी शहरांत आहेत. परंतु या खऱ्या माहितीतून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि आमचा विरोध त्या निष्कर्षाला आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : नैराश्याच्या बहुसंख्य रुग्णांना बरे करण्यासाठी गावोगावी तज्ज्ञ असावा लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात जे डॉक्टर आज बसतात त्यांच्या शेजारी आणखी एक प्रशिक्षित माणूस बसवावा लागतो, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या तज्ज्ञाने त्या दोघांच्या पाठीशी उभे राहावे लागते. एवढे केल्याने काय घडते हे आपल्या शेजारच्या गोव्यात सिद्ध झाले, त्याला पंधरा वर्षे होऊन गेली. तरीही आपल्या बहुतेक आरोग्य केंद्रांत ती खुर्ची रिकामी आहे. तज्ज्ञ नाहीत म्हणून ती रिकामी राहिलेली नाही. ती भरावी असे कोणाला मनापासून वाटत नाही आणि आपणही तशी मागणी करीत नाही, म्हणून ती रिकामी आहे.

आजार कोणत्या दाराने येतो?

'नैराश्य' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. परीक्षेत गुण कमी पडले, लग्न मोडले, पाऊस लांबला, की माणूस निराश होतो आणि काही दिवसांत सावरतो. वैद्यकशास्त्र ज्याला नैराश्याचा विकार म्हणते तो वेगळा. सलग दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, दिवसाचा बराचसा वेळ मन खिन्न राहते. ज्या गोष्टीत एरवी जीव रमे तिच्यात तो रमेनासा होतो. झोप उडते किंवा अति होते, अन्न गोड लागत नाही, अंगातले बळ गेल्यासारखे वाटते, आपण कुचकामी आहोत असा ग्रह होतो, साध्या कामात चित्त लागत नाही आणि शेवटी मरणाचे विचार घर करतात. ही लक्षणे एकत्र येतात आणि माणसाचा संसार आतून पोखरतात.

मात्र असा रुग्ण 'माझे मन आजारी आहे' असे सांगत कधीच येत नाही. तो देहाची भाषा बोलतो. डोके जड झाले आहे, छातीत धडधडते, कंबर धरली आहे, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, अशा त्याच्या तक्रारी असतात. फार झाले तर 'टेन्शन आहे' एवढे तो म्हणतो. बाहेर पन्नास माणसे खोळंबलेली असतात. डॉक्टर दोन-तीन मिनिटांत रक्तदाब पाहतात, शक्तीच्या गोळ्या देतात, वेदनाशामक देतात, फारच आग्रह झाला तर झोपेची गोळी देतात. पुष्कळदा रुग्णच सलाईन मागतो. महिन्याभराने तोच माणूस त्याच तक्रारी घेऊन पुन्हा त्याच रांगेत उभा राहतो. या प्रकारात डॉक्टरला दोष देणे सोपे आहे. आम्ही तो देत नाही. तीन मिनिटांत मन उलगडत नाही, आणि ज्याला तीनच मिनिटे दिली आहेत त्याच्याकडून अर्ध्या तासाचे काम मागणे न्यायाचे नाही.

बंगळुरूच्या 'निम्हान्स' या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. वीस माणसांमागे एकाला आयुष्यात केव्हा तरी नैराश्याचा विकार होतो, असे तीत आढळले. त्याहून गंभीर आकडा पुढचा आहे. नैराश्याच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे पंच्याऐंशी जणांना कोणताही उपचार मिळत नव्हता. मधुमेहाच्या शंभर रुग्णांपैकी पंच्याऐंशींना औषध मिळाले नसते तर विधानसभेत गदारोळ झाला असता. इथे मात्र कुजबुजही झाली नाही, कारण हा रुग्ण गदारोळ करू शकत नाही. स्वतःसाठी काही मागण्याची शक्ती हिरावून घेणे हेच तर त्याच्या आजाराचे लक्षण आहे.

साखळी कुठे तुटते?

औषध नाही म्हणून हे घडते काय? तसे नाही. फ्लुओक्सेटिनसारखी गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, तिचे पेटंट केव्हाच संपले आहे आणि ती महागही नाही. साखळी तुटते ती पहिल्या चिठ्ठीनंतर. या गोळ्यांचा गुण दिसायला साधारणपणे दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून अधिक. मळमळ, अस्वस्थपणा असे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवू शकतात. म्हणजे आधी त्रास आणि मागाहून गुण. हे रुग्णाला नीट सांगितलेले नसेल तर तो आठव्या-दहाव्या दिवशी गोळी बंद करतो आणि 'हेही निरुपयोगी ठरले' अशी आणखी एक निराशा पदरी घेऊन घरात बसतो. बरे वाटू लागले तरी पुढे निदान सहा महिने औषध चालू ठेवायचे असते, हेही त्याला ठाऊक नसते. तो परत आला नाही हे केंद्रात कोणाच्या ध्यानातही येत नाही, कारण त्याचे नाव कोणत्याही यादीत नसते.

क्षयरोगाशी याची तुलना करून पाहावी. क्षयाच्या रुग्णाचे नाव नोंदवहीत असते, कोणत्या महिन्यात कोणती तपासणी व्हायची ते लिहिलेले असते, त्याने औषध चुकवले तर आरोग्यसेवक त्याच्या दारात जाऊन उभा राहतो. क्षयाच्या बाबतीत आपण हे शिकलो, कारण नुसत्या गोळ्या वाटल्याने क्षय जात नाही हे अनुभवाने कळले. नैराश्याच्या बाबतीतही हाच धडा जगाला मिळालेला आहे. तो अंमलात आणायचे तेवढे आपण टाळले.

सिएटलचा धडा

हा धडा प्रथम अमेरिकेतील सिएटल शहरात नीट मांडला गेला. डॉ. वेन केटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवून दिले की, मानसोपचारतज्ज्ञ आणि नेहमीचे कुटुंब-डॉक्टर यांनी एकाच दवाखान्यात मिळून नैराश्याचा रुग्ण हाताळला तर तो अधिक सुधारतो. पुढे डॉ. युर्गेन उन्युट्झर यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेच्या पाच राज्यांतील अठरा दवाखान्यांत साठ वर्षांवरील १,८०१ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. वर्षअखेर नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांपैकी १९ टक्के रुग्णांची लक्षणे निम्म्याने किंवा अधिक कमी झाली होती. संघाने उपचार केलेल्या गटात हे प्रमाण ४५ टक्के होते. दोन्ही गटांना औषधाची दारे सारखीच उघडी होती. फरक होता तो माणसांच्या मांडणीत.

ही मांडणी सांगायला सोपी आहे. केंद्राचा डॉक्टर निदान करतो आणि औषध लिहितो. त्याच्या शेजारचा समन्वयक, मग तो परिचारिका असो वा समुपदेशक, रुग्णाशी निवांत बोलतो, घरच्यांना आजार समजावून सांगतो, ठरल्या दिवशी फोन करतो, न आलेल्याला शोधून काढतो. त्याच्याजवळ एक नोंदवही असते. तीत प्रत्येक रुग्णापुढे एक आकडा लिहिलेला असतो. हा आकडा नऊ प्रश्नांच्या एका साध्या प्रश्नावलीतून येतो. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, मरणाचे विचार इत्यादींचा त्रास किती दिवस झाला हे विचारून शून्य ते सत्तावीस असे गुण दिले जातात. ताप मोजावा तसे हे नैराश्य मोजणे आहे. तिसरा माणूस म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ. तो प्रत्येक रुग्णाला पाहत नाही. तो दर आठवड्याला समन्वयकाबरोबर ती नोंदवही पाहतो आणि ज्यांचा आकडा खाली येत नाही त्यांच्यावर बोट ठेवतो. ह्याची मात्रा वाढवा, हिला दुसरे औषध द्या, ह्याला माझ्याकडे पाठवा, असे तो सांगतो. एकेक रुग्ण तपासत बसला तर तज्ज्ञ दिवसात पंधरा-वीस जणांना पुरतो. नोंदवहीच्या मार्गाने तो कित्येक पटींनी अधिक माणसांपर्यंत पोहोचतो. तज्ज्ञांच्या टंचाईचे रडगाणे गाणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

या पद्धतीचा पुरावा एका चाचणीवर उभा नाही. २०१२ साली 'कॉक्रेन' या संस्थेने केलेल्या आढाव्यात अशा ७९ चाचण्या आणि २४ हजारांहून अधिक रुग्ण होते. नैराश्य आणि चिंताविकार या दोहोंत संघाचा उपचार नेहमीच्या उपचारापेक्षा सरस ठरला.

गोव्याने काय दाखवले?

'अमेरिकेचे अमेरिकेत, आपल्याकडे परिचारिकाच पुरत नाहीत,' असा आक्षेप इथे यायचा. म्हणूनच गोव्याची गोष्ट महत्त्वाची. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली गोव्यात 'संगत' ही संस्था स्थापिली. तिने गोवा सरकारच्या आरोग्यखात्याबरोबर आणि इतर संस्थांबरोबर 'मानस' नावाचा प्रकल्प हाती घेतला. बारा सरकारी आरोग्य केंद्रे आणि बारा खाजगी दवाखाने निवडले गेले. निम्म्या ठिकाणी नेहमीप्रमाणे उपचार झाले. उरलेल्या निम्म्या ठिकाणी प्रशिक्षित समुपदेशक बसले. वैद्यकीय शिक्षणाशी त्यांचा पूर्वी संबंध नव्हता. नैराश्य आणि चिंता यांनी ग्रासलेल्या सुमारे २,८०० रुग्णांना या अभ्यासात घेतले गेले.

समुपदेशक पायरीपायरीने जात. 'मानसिक रोग' असा शिक्का मारण्याऐवजी ते रुग्णाच्या तोंडी असलेला ताणाचा, टेन्शनचा शब्दच वापरीत, आणि शरीराच्या तक्रारींचा त्या ताणाशी काय संबंध आहे ते समजावून देत. ज्याचा आजार अधिक त्याला डॉक्टर गोळी देत. गोळी चालू राहील हे समुपदेशक पाहत. ज्याला बोलण्याच्या उपचाराची गरज त्याला तो मिळे, आणि ज्याला एवढ्यानेही गुण येत नसे किंवा ज्याच्या जिवाला धोका दिसे त्याला तज्ज्ञाकडे नेले जाई.

निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी नेहमीच्या पद्धतीने ४२.५ टक्के रुग्ण बरे झाले होते. समुपदेशक असलेल्या केंद्रांत ६५.९ टक्के बरे झाले. बारा महिन्यांच्या पाठपुराव्यात सरकारी केंद्रांतील या रुग्णांमध्ये आत्महत्येचे बेत वा प्रयत्न ३६ टक्क्यांनी कमी आढळले. कामाचे बुडणारे दिवसही कमी झाले. वाचकहो, या आकड्यांवर जरा थांबावे. महागडे यंत्र नाही, नवे औषध नाही, परदेशी तज्ज्ञ नाही. एक खुर्ची, एक वही आणि ऐकून घेणारा एक शिकवलेला माणूस यांनी हे साधले.

खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक पडला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. विरोधक यावर बोट ठेवतात. आम्हाला यात उलट आमच्याच म्हणण्याला बळ दिसते. खाजगी दवाखान्यांत समुपदेशक नसतानाही रुग्ण बऱ्याच प्रमाणात सुधारत होते. तिथे वर्षानुवर्षे तोच डॉक्टर त्याच कुटुंबाला पाहतो, नावाने ओळखतो, मागच्या खेपेचे विचारतो. ती ओळख आणि ते सातत्य हाच उपचाराचा एक भाग असावा, असा आम्ही याचा अर्थ लावतो. सरकारी रांगेत उभ्या राहणाऱ्या गरिबाला जे मिळत नव्हते तेच समुपदेशकाने त्याला दिले. तेव्हा हा प्रश्न शास्त्राइतकाच न्यायाचाही आहे. ज्याच्याजवळ फी द्यायला पैसे आहेत त्याला विचारपूस मिळावी आणि ज्याच्याजवळ नाहीत त्याला फक्त चिठ्ठी मिळावी, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

याच वाटेने गोव्यातच पुढचे पाऊल पडले. दहा आरोग्य केंद्रांतील तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर एका संक्षिप्त उपचाराची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ साली छापून आले. समुपदेशक पुन्हा सामान्य माणसेच होती. सहा ते आठ भेटी, कधी केंद्रात तर कधी रुग्णाच्या घरी. यामागचे तत्त्व असे की, नैराश्यात माणूस एकेक काम सोडत जातो, काम सुटले की उभारी आणखी खचते, आणि उभारी खचली की आणखी काम सुटते. हे चक्र कामाच्या बाजूने उलटे फिरवायचे. समजा, मासळी विकणारी एखादी बाई बाजाराला जायची थांबली आहे. तिला 'हिंमत धर' असे कोणी सांगत बसत नाही. या आठवड्यात सकाळी अंगणात येऊन बसायचे, पुढच्या आठवड्यात शेजारणीकडे जायचे, त्यापुढे बहिणीसोबत बाजारापर्यंत चालत जायचे, असे लहान लहान बेत तिच्याबरोबर बसून लिहिले जातात. पुढच्या भेटीत त्याचे काय झाले ते विचारले जाते. तीन महिन्यांनी या उपचारातील ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले. तुलनेच्या गटात ३९ टक्क्यांचे.

महाराष्ट्रानेही हे पाहिले आहे. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत असाच एक कार्यक्रम राबवला गेला. गावातील आरोग्य कार्यकर्ते, समुपदेशक आणि भेटीला येणारा मानसोपचारतज्ज्ञ अशी त्याची रचना होती. नैराश्याच्या रुग्णांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण अवघ्या दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. तुलनेसाठी दुसरी गावे घेतलेली नव्हती, म्हणून हा पुरावा गोव्याच्या चाचणीइतका भक्कम नाही. तरी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या मुलखात माणसे उपचाराला येतात, फक्त कोणी दार उघडले पाहिजे, एवढे त्यातून खचित दिसते.

तीन पळवाटा

इतके पुढे असूनही सरकारदरबारी आणि समाजात तीन पळवाटा वापरल्या जातात. त्या एकेक बंद करू.

पहिली पळवाट यादीची. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीत मानसिक आरोग्य आहे, आशाताई घरोघर जे तपासणी-पत्रक भरतात त्यात मनाविषयीचे दोन प्रश्न आहेत, मग आणखी काय हवे, असे विचारले जाते. हवे ते हे की, त्या दोन प्रश्नांना कोणी 'होय' म्हटले तर पुढे त्याला भेटणारा माणूस हवा. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवांविषयीच्या कृतिदलाने २००२ साली नैराश्याच्या तपासणीची शिफारस केली तेव्हा अटच घातली होती की, निदान, उपचार आणि पाठपुरावा यांची व्यवस्था असेल तेथेच ती करावी. आधीच असंख्य कामांनी वाकलेल्या आशाताईंच्या डोक्यावर हे ओझेही ठेवायचे आणि कार्यक्रम पूर्ण झाल्याची नोंद करायची, ही त्यांचीही फसवणूक आहे आणि रुग्णाचीही.

दुसरी पळवाट शिबिराची. महिन्यातून एकदा शहरातून तज्ज्ञ येणार, शे-दीडशे माणसे पाहणार, फलकासह छायाचित्र निघणार. वेडाच्या झटक्याच्या किंवा गंभीर रुग्णांसाठी तज्ज्ञाची भेट उपयोगी असते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु नैराश्याचा उपचार भेटींच्या मधल्या दिवसांत चालतो. त्या दिवसांत गावात कोणी नसेल तर शिबिर म्हणजे बी पेरून पाणी न देण्यासारखे आहे.

तिसरी पळवाट प्रतिष्ठेची. 'मनाचा उपचार हे तज्ज्ञाचे काम, बारावी नाही तर पदवी झालेल्या पोरापोरींच्या हाती ते कसे सोपवायचे?' असे सुशिक्षितच विचारतात. या आक्षेपातली काळजी आम्हाला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. गोव्याचे समुपदेशक मोकाट सोडलेले नव्हते. त्यांना ठरावीक उपचार शिकवला होता. संक्षिप्त उपचाराच्या चाचणीत तर भेटींचे ध्वनिमुद्रण ऐकून सहकारी एकमेकांच्या कामाला गुण देत आणि तज्ज्ञ त्यावर देखरेख ठेवीत. देखरेख काढून घेतली की ही पद्धत कोसळेल, हे आम्हीही जाणतो. म्हणूनच आमची मागणी एकट्या समुपदेशकाची नाही, तिघांच्या संघाची आहे. राहिला खर्चाचा प्रश्न. 'मानस' प्रकल्पाच्या सरकारी केंद्रांतील हिशेबात असे दिसले की, समुपदेशकाचा खर्च धरूनही समाजाचा एकूण खर्च कमीच झाला, कारण माणसे बरी होऊन कामाला लागली. पैसा नाही ही सबबही मग उरत नाही.

आपल्या अंगणात

सरकारला बोलणे सोपे, म्हणून आता आपल्या अंगणात येऊ. नैराश्याचा माणूस आरोग्य केंद्राच्याही आधी पुष्कळदा चर्चच्या पायरीवर येतो. कोणी नोव्हेना करतो, कोणी मिस्सा अर्पण करतो, कोणी पापनिवेदनाला येऊन तेच तेच क्षुल्लक दोष पुन्हा पुन्हा सांगतो, कारण आपल्याला क्षमा मिळाली यावर त्याच्या आजारी मनाचा विश्वास बसत नाही. प्रार्थनेचे बळ आम्ही जाणतो. पण प्रार्थनेला उपचाराच्या विरोधात उभे करणाऱ्यांना आम्ही स्पष्ट विरोध करतो. 'तुझी श्रद्धा कमी पडली' असे नैराश्याच्या रुग्णाला सांगणे म्हणजे पाय मोडलेल्याला 'चालण्याची तुझी इच्छाच नाही' असे सांगणे आहे. प्रार्थनासभेत गोळ्या टाकून द्यायला लावणारे तर साक्षात जिवाशी खेळतात. एलिया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याने भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले आणि पुन्हा येऊन उठवले. ते दुसऱ्यांदा येणे आमच्या नजरेत विशेष भरते.

कलंकाचेही तसेच. १९१७च्या धर्मसंहितेनुसार जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफन नाकारले जाई. १९८३च्या नव्या संहितेत ते कलम राहिले नाही. मनाचा गंभीर विकार, तीव्र भय वा यातना यांमुळे अशा व्यक्तीची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि तिच्या तारणाविषयी आपण आशा सोडू नये, अशी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणग्रंथाची शिकवण आहे. ख्रिस्तसभा इतकी पुढे आली असताना काही घरे अजून मुलीचे लग्न मोडेल या भीतीने गोळ्यांचे पाकीट पिठाच्या डब्यात लपवतात. देशात २०२२ या एका वर्षात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांतील २२,७४६, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक, महाराष्ट्रात. प्रत्येकीमागे नैराश्यच होते असे नाही. कर्ज असते, मारहाण असते, व्यसन असते. पण ज्यांना आपण वाचवू शकत होतो अशांची संख्या त्यांत थोडी नसणार.

धर्मग्रामाने स्वतःच दवाखाना व्हावे, असे आम्ही म्हणत नाही. न शिकलेल्या हातांनी मनाची शस्त्रक्रिया करू नये. परंतु आजारी म्हातारीला केंद्रात न्यायला गाडी देणे, दुसऱ्या भेटीच्या दिवसाची आठवण करणे, घरच्यांची समजूत घालणे, ही कामे संत व्हिन्सेंट दि पॉल संस्थेला आणि महिला मंडळाला सहज जमतील. मार्ककृत शुभवर्तमानात पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणले आणि छप्पर उकलून खाली सोडले. त्या चौघांत वैद्य कोणी नव्हता. पण एका जणाने ती खाट उचलली नसती.

आता मागायचे काय?

२०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा त्याने प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे आणि ही सेवा प्राथमिक पातळीपासून सर्व पातळ्यांवर सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळण्याचे बंधन सरकारवर घातले आहे. म्हणजे आपण दान मागत नाही.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत, आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत आणि मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आपण हे प्रश्न विचारावेत. आमच्या केंद्रात नैराश्याच्या रुग्णांची नोंदवही आहे काय? तीत गेल्या महिन्यात किती नावे चढली? न आलेल्यांचा शोध कोण घेतो? त्यासाठी पूर्णवेळ पगारी समुपदेशक आहे काय? गोळ्या वर्षभर मिळतात काय? जिल्ह्याचा मानसोपचारतज्ज्ञ ती नोंदवही दर आठवड्याला, निदान फोनवरून, पाहतो काय? उत्तरे लेखी मागावीत आणि तीन महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारावेत. एकदा विचारून विसरून जाणे ही ज्या व्यवस्थेची खोड आहे तिच्याशी आपले भांडण आहे. आपण तरी त्या खोडीत सापडू नये.

तोवर ज्यांना आज, याच घडीला कोणाशी बोलण्याची निकड आहे त्यांच्यासाठी 'टेलि-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत चालू आहे. २०२२ साली ती सुरू झाली. तो क्रमांक घराच्या भिंतीवर, डॉक्टरच्या क्रमांकाच्या शेजारी, उघडपणे लिहून ठेवावा. पिठाच्या डब्यात लपवू नये.